मायक्रोफोनजवळचा आवाज : अमेरिकेतील क्रूनर गायकी आणि तिचे स्मरणरंजन

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात अमेरिकेत, आणि तिच्या पाठोपाठ इंग्लंडमध्ये, लोकप्रिय संगीतात जी मंद, आर्जवी आणि बोलण्याच्या अगदी जवळ जाणारी गायकी रूढ झाली तिला क्रूनिंग असे म्हणतात आणि ती गाणाऱ्यांना क्रूनर या नावाने ओळखले जाते. बिंग क्रॉस्बी, ॲल बोली, फ्रँक सिनात्रा, पेरी कोमो आणि नॅट किंग कोल ही या परंपरेतील ठळक नावे असून, त्यांच्या गाण्यांविषयी आजही जी हुरहूर व्यक्त होते तिच्या मुळाशी बहुधा एक गृहीतक असते, ते असे की यंत्राने संगीताचा ताबा घेण्यापूर्वी माणसाचा आवाज आपल्या स्वाभाविक रूपात जसा होता तसा या गायकांच्या कंठातून ऐकू येतो. इतिहास मात्र याच्या नेमके उलट सांगतो. यंत्राचा आधार नसता तर ही गायकी जन्मालाच आली नसती, आणि तिच्या पहिल्या श्रोत्यांपैकी अनेकांना ती कृत्रिम, दुबळी, किंबहुना अनैतिकही वाटली होती. या गायकांवरचे प्रेम अस्थानी आहे असा याचा अर्थ नाही. ते ज्या कारणासाठी केले जाते त्याहून बळकट कारण उपलब्ध आहे, आणि ते समजण्यासाठी १९२५ च्या अलीकडची व पलीकडची परिस्थिती पाहावी लागते.

१९२५ पूर्वी गायकाचे यश आवाजाच्या फेकीवर अवलंबून असे. व्हॉडव्हिल म्हणजे गाणी, नकला, कसरती यांचा एकत्र खेळ करणाऱ्या रंगमंचावर हजार-दीड हजार प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवायचा तर खडा, पल्लेदार आवाज हवा. ॲल जोल्सनची सारी कीर्ती अशा आवाजावर आणि त्याला साजेशा हातवाऱ्यांवर उभी होती. ध्वनिमुद्रणाची रीतही याच गुणाची मागणी करणारी होती. गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभा राहून गाई, हवेतील कंप कर्ण्याच्या टोकाशी असलेल्या पडद्याला हलवीत आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरी. या साखळीत विजेचा कोठेही संबंध नसल्यामुळे सुई हलविण्याची सगळी ताकद गळ्यातूनच यावी लागे. तार सप्तकात स्वर चढला की सुई खाचेबाहेर उडू नये म्हणून गायकाला मागे सरावे लागे, खालच्या स्वरांसाठी पुन्हा पुढे यावे लागे, आणि व्हायोलिनचा नाजूक नाद कर्ण्याला पकडता येत नसल्यामुळे कर्णा बसविलेले खास स्ट्रोह व्हायोलिन वापरले जाई. अशा व्यवस्थेत कुजबुजीला जागा नव्हती.

ही स्थिती बदलली ती वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीच्या संशोधनामुळे. तेथील ई. सी. वेन्टे याने पहिल्या महायुद्धाच्या काळात कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला होता, आणि जोझेफ मॅक्सफील्ड व हेन्री हॅरिसन यांनी त्याच प्रयोगशाळेत विकसित केलेली विद्युत ध्वनिमुद्रणाची पद्धत १९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी स्वीकारली. कर्ण्याच्या पद्धतीत सेकंदाला सुमारे दोन-अडीच हजार कंपनांपर्यंतचे ध्वनी उमटत. नव्या पद्धतीने ही मर्यादा पाच हजारांपर्यंत नेली, त्यामुळे ‘स’, ‘श’ यांसारखी ऊष्म व्यंजने आणि श्वासाची चाहूल प्रथमच तबकडीवर उतरली. त्याआधी पाच वर्षे, नोव्हेंबर १९२० मध्ये, पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने नियमित रेडिओ प्रक्षेपण सुरू केले होते. प्रारंभीच्या प्रक्षेपणयंत्रांतील काचेच्या नळ्या उंच आणि जोरकस स्वरांनी निकामी होत, म्हणून व्हॉन डी लीथ या गायिकेने आवाज दबता ठेवण्याची रीत काढली असे सांगितले जाते. क्रूनिंगच्या आरंभाशी एका स्त्रीचे नाव जोडलेले आहे ही गोष्ट पुढच्या पुरुषप्रधान आठवणींत जवळपास पुसली गेली, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवणे योग्य ठरेल.

रेडिओने आवाजाबरोबर श्रोताही बदलला. नाट्यगृहातील श्रोता गर्दीचा भाग असतो आणि त्याला गाण्यासाठी घराबाहेर पडावे लागते. रेडिओचा श्रोता आपल्या दिवाणखान्यात, कुटुंबासह किंवा एकटा बसलेला असतो, आणि तेथे येऊन कोणी जोल्सनच्या पट्टीत गाऊ लागले तर ते ओरडल्यासारखे वाटते. ‘व्हिस्परिंग’ म्हणजे कुजबुजणारा या बिरुदाने प्रसिद्ध झालेला जॅक स्मिथ, गिटारच्या साथीवर गाणारा निक लुकस आणि जीन ऑस्टिन यांनी हा फरक आधी ओळखला. ऑस्टिनने १९२७ मध्ये व्हिक्टरसाठी गायलेल्या ‘माय ब्लू हेवन’च्या प्रती लाखोंनी खपल्या. संसार, संध्याकाळ आणि घराची ओढ हा त्या गाण्याचा विषय घरात ऐकल्या जाणाऱ्या आवाजाला तंतोतंत जुळला होता.

या गायकीचे तंत्र नीट पाहिल्याशिवाय तिची योग्यता लक्षात येत नाही, कारण हळू गाणे म्हणजे सोपे गाणे असा समज तेव्हाही होता आणि अजूनही आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी आरसीए कंपनीने रिबन मायक्रोफोन प्रचारात आणला. त्यात चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये धातूची अतिशय पातळ पट्टी टांगलेली असते, ती समोरचा आणि मागचा आवाज घेते व दोन्ही बाजूंचा आवाज बराचसा गाळते. अशा दिशानिष्ठ मायक्रोफोनचा एक गुणधर्म असा, की ध्वनीचा उगम जितका जवळ आणावा तितके त्यातील खर्जाचे अंश ठळक होतात. मध्यम जाडीच्या पुरुषी आवाजाला या जवळिकीने जी ऊब आणि भरीवपणा येतो तो गळ्याची देणगी आणि यंत्राचा गुण यांच्या संयोगातून येतो. गायकाला मात्र याची किंमत मोजावी लागे. ओठ जवळ असले की ‘प’ आणि ‘ब’ यांचा स्फोट कानाला टोचतो, श्वास घेतल्याचा आवाज ऐकू येतो आणि दूरच्या प्रेक्षागृहात लपून जाणारी किंचितशी बेसूर छटाही झाकता येत नाही. म्हणून चांगले क्रूनर व्यंजनांचा उच्चार मऊ करीत, महत्त्वाच्या शब्दावर मायक्रोफोनकडे झुकत आणि स्वर चढताना मान वळवीत. दोन स्वरांमधले अंतर ते मींडेने, म्हणजे आवाज न तोडता एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊन, भरून काढीत. आणि वाद्यवृंद ठरल्या तालात चालत असताना शब्द ठोक्याच्या किंचित मागे ठेवून अखेरीस पुन्हा तालात येऊन मिळत. या ढिलेपणात बोलण्याची लय होती, आणि ती साधण्यासाठी तालावर पक्की हुकमत लागत असे.

या गायकीला लोकप्रियतेची लाट मिळवून दिली ती रूडी व्हॅली याने. येल विद्यापीठाचा हा पदवीधर न्यूयॉर्कच्या हाय-हो क्लबमध्ये १९२८ पासून आपला वाद्यवृंद चालवीत असे, आवाज लहान असल्यामुळे प्रत्यक्ष मैफलीत हातातील कर्ण्यातून गात असे, आणि ऑक्टोबर १९२९ मध्ये, ज्या महिन्यात शेअर बाजार कोसळला त्याच महिन्यात, एनबीसी या रेडिओ प्रक्षेपण कंपनीवर त्याचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९३१ मध्ये, तिची प्रतिस्पर्धी असलेल्या सीबीएसने बिंग क्रॉस्बीला पुढे आणले आणि एनबीसीने रस कोलंबोला त्याच्यासमोर उभे केले. या स्पर्धेचा शेवट दुःखद झाला. सप्टेंबर १९३४ मध्ये मित्राच्या घरी जुने पिस्तूल चुकून उडाल्याने कोलंबो वयाच्या सव्विसाव्या वर्षी मरण पावला.

नव्या गायकीला विरोध झाला आणि तो तीव्र होता. जानेवारी १९३२ मध्ये बॉस्टनचे कार्डिनल विल्यम ओकॉनेल यांनी क्रूनरांवर जाहीर टीका करून त्यांचे गाणे अध:पतित आणि पुरुषाला न शोभणारे ठरविले; गायनशिक्षकांच्या वर्तुळातूनही अशा गाण्याने गळ्याची शिस्त बिघडते अशी तक्रार होत राहिली. या विरोधाचे कारण केवळ संगीताचे नव्हते. परक्या पुरुषाचा आवाज विवाहित स्त्रीच्या स्वयंपाकघरात, तिच्या कानाशी बोलल्यासारखा पोहोचत होता, आणि तो पुरुष हुकूम देत नव्हता तर विनवणी करीत होता. महामंदीत नोकऱ्या गेलेल्या, घरातील अधिकार डळमळीत झालेल्या पुरुषांच्या समाजाला ही गोष्ट झोंबणे स्वाभाविक होते. आज जुन्या पिढीच्या मर्यादशीलतेचा नमुना म्हणून ज्या गाण्यांकडे बोट दाखवले जाते, ती गाणी त्या काळी मर्यादा ओलांडणारी मानली गेली होती, हे स्मरणरंजनाच्या प्रत्येक चर्चेत आधी सांगितले पाहिजे.

क्रॉस्बीने हा आक्षेप वाद न घालता निष्प्रभ केला. वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा येथे १९०३ मध्ये जन्मलेल्या या गायकाने लुई आर्मस्ट्राँग या कृष्णवर्णीय जॅझवादकाच्या तालाच्या समजेतून खूप काही उचलले होते, त्यामुळे त्याच्या मंद स्वरातही झुलता जिवंतपणा असे; शिवाय त्याने विनवणीच्या जागी सहज गप्पांचा सूर आणला, शीळ आणि हलकी थट्टा यांना गाण्यात स्थान दिले आणि क्रूनरला शेजारच्या घरातील गृहस्थाचे रूप दिले. १९३४ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या डेका कंपनीने त्याच्या तबकड्या ३५ सेंटला विकल्या. मंदीच्या दिवसांत इतर नामांकित तबकड्यांपेक्षा ही किंमत निम्म्याच्या आसपास होती. यंत्राशी त्याचे नाते पुढेही टिकले. दर आठवड्याला प्रत्यक्ष प्रक्षेपण करण्याचा कंटाळा आल्यामुळे त्याने ध्वनिमुद्रित कार्यक्रमाचा आग्रह धरला, त्यासाठी प्रक्षेपण कंपनी बदलली, आणि महायुद्धानंतर जर्मनीतून आलेल्या चुंबकीय फितीचे प्रात्यक्षिक जॅक मुलिन या अभियंत्याने दाखविताच १९४७ च्या ऑक्टोबरपासून आपला कार्यक्रम फितीवर आणला. फितीची यंत्रे बनविणाऱ्या ॲम्पेक्स कंपनीत त्याने ५०,००० डॉलर गुंतविले. पुढच्या सर्व स्टुडिओ-संगीताचा पाया घालण्यात क्रूनरांच्या या अग्रणीचा असा थेट वाटा आहे.

इंग्लंडमधील या परंपरेचा सर्वश्रेष्ठ गायक ॲल बोली याचा प्रवास भारतातून झाला होता. पूर्व आफ्रिकेतील लोरेन्सो मार्केस, म्हणजे आजचे मापुटो, येथे जन्मलेला आणि जोहान्सबर्गमध्ये वाढलेला बोली १९२० च्या दशकाच्या मध्यास नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदाबरोबर फिरत कलकत्त्यात आला, तेथील ग्रँड हॉटेलात जिमी लक्विम याच्या वाद्यवृंदात वाजवू व गाऊ लागला, आणि पुढे सिंगापूर व बर्लिन असा फेरा करून १९२८ मध्ये लंडनला पोहोचला. १९३० पासून रे नोबलच्या वाद्यवृंदासह त्याने एचएमव्हीसाठी केलेली ध्वनिमुद्रणे शब्दाच्या स्पष्टतेसाठी आणि आवाजातील हळव्या, किंचित थरथरत्या भावासाठी आदर्श मानावीत अशी आहेत. १७ एप्रिल १९४१ रोजी जर्मन विमानांनी टाकलेल्या हवाई सुरुंगाच्या स्फोटात तो लंडनमधील आपल्या राहत्या घरी मारला गेला.

अमेरिकेत गायक वाद्यवृंदाच्या नेत्यापेक्षा मोठा झाला याला एक कामगार-लढाही कारणीभूत आहे. तबकड्या आणि ज्यूकबॉक्स म्हणजे नाणे टाकून वाजविण्याची यंत्रे यांनी प्रत्यक्ष वादनाचा रोजगार गिळल्यामुळे वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो याच्या नेतृत्वाखाली १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला, तो मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत नोव्हेंबर १९४४ पर्यंत टिकला. गायक त्या संघटनेचे सभासद नव्हते, म्हणून कंपन्यांनी वाद्यांऐवजी कोरसची साथ देऊन त्यांच्या तबकड्या काढल्या. नेमक्या याच वेळी, सप्टेंबर १९४२ मध्ये, फ्रँक सिनात्रा टॉमी डॉर्सीचा वाद्यवृंद सोडून स्वतंत्र झाला होता. ३० डिसेंबर १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट नाट्यगृहात तो उभा राहिला आणि किशोरवयीन मुलींच्या आरोळ्यांनी सभागृह भरून गेले. १२ ऑक्टोबर १९४४ रोजी त्याच नाट्यगृहाबाहेर सुमारे तीस हजारांची गर्दी उसळली.

त्या गोंगाटामागे कठोर साधना होती. डॉर्सी ट्रॉम्बोनवर अनेक मात्रांची स्वररेषा श्वास घेतल्याचे न कळू देता वाजवीत असे. सिनात्राने ते पाहून, पोहण्याने दमसास वाढवून, दोन ओळींमधला श्वास टाळण्याची कला साधली आणि अर्थ जेथे तुटतो तेथेच श्वास घेण्याचा नियम केला. कविता वाचणाऱ्याला जे कळते ते लोकप्रिय गीताला त्याने दिले. १९५० मध्ये त्याचा आवाज काही काळ बसला, १९५२ मध्ये कोलंबियाने करार संपविला. १९५३ मध्ये कॅपिटॉल कंपनीत आल्यावर संयोजक नेल्सन रिडल याच्यासह त्याने जे काम केले ते या गायकीचे शिखर होय. कोलंबियाने १९४८ मध्ये आणलेल्या दीर्घ वादनाच्या तबकडीमुळे एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले होते, आणि १९५५ च्या ‘इन द वी स्मॉल अवर्स’ या संग्रहात सिनात्राने रात्रीचे एकाकीपण ही एकच भावावस्था सोळा गाण्यांत उलगडली. त्यात आवाज क्रॉस्बीहून खरखरीत आहे, वय दिसते, आणि ते लपविण्याचा प्रयत्न केलेला नाही.

या सुवर्णकाळाच्या आठवणींत एक बाजू नेहमी अंधारात राहते. क्रूनरांच्या लयीचा मोठा वारसा कृष्णवर्णीय संगीतकारांचा होता, परंतु प्रेमगीते गाणारा नायक म्हणून कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्या समाजाला सहन होत नसे. विलक्षण भरदार आवाजाच्या बिली एक्स्टाइनला गोऱ्या तरुणींनी घेरल्याचे छायाचित्र १९५० मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात आले आणि त्यावरून गदारोळ झाला. पियानोवादक म्हणून नाव मिळविलेला नॅट किंग कोल याच्यावर १० एप्रिल १९५६ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम येथे, केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या कार्यक्रमात, गात असताना रंगमंचावर हल्ला झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एनबीसीने दूरचित्रवाणीवर सुरू केलेला त्याचा कार्यक्रम राष्ट्रीय पातळीवरचा प्रायोजक न मिळाल्याने डिसेंबर १९५७ मध्ये बंद पडला. कोलच्या गाण्यातील निर्मळ शांतता या पार्श्वभूमीवर ऐकली तर तिच्यामागचा संयम केवढा होता ते कळते.

स्मरणरंजन हे या गाण्यांवर नंतर चढलेले पुट आहे असेही नाही. ते त्यांच्या गाभ्यातच होते. रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू कुटुंबातील अर्व्हिंग बर्लिन याने लिहिलेले आणि क्रॉस्बीने २९ मे १९४२ रोजी ध्वनिमुद्रित केलेले ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गाणे दूर गेलेल्या माणसाला आठवणारा हिमाच्छादित नाताळ रंगविते, आणि परदेशी आघाड्यांवरील सैनिकांनी रेडिओकडे त्याचीच सर्वाधिक मागणी केली. त्या तबकडीचा मूळ साचा प्रती काढून काढून इतका झिजला की मार्च १९४७ मध्ये ते गाणे त्याच वाद्यवृंदासह पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले. आज सर्वत्र ऐकू येते ते बहुधा हे दुसरे रूप होय.

१९५६ पासून एल्व्हिस प्रेस्ली आणि १९६४ पासून बीटल्स यांनी तरुण श्रोता नेला, आणि क्रूनर आईवडिलांचे गायक झाले. पुढची पुनरुज्जीवने ठरावीक अंतराने येत राहिली : १९७८ मध्ये विली नेल्सनचा ‘स्टारडस्ट’ हा जुन्या गीतांचा संग्रह आणि त्याच वर्षी नाटककार डेनिस पॉटरची बीबीसीवरील ‘पेनीज फ्रॉम हेवन’ ही मालिका, १९८३ मध्ये लिंडा रॉन्स्टॅटने रिडलसह केलेला संग्रह, १९९१ मध्ये नॅटली कोलने मृत पित्याच्या ध्वनिमुद्रणात आपला आवाज मिसळून गायलेले युगुलगीत, आणि १९९४ मध्ये टोनी बेनेटने एमटीव्हीवर तरुणांसमोर केलेली मैफल. यांपैकी पॉटरची मालिका सर्वांत मर्मग्राही आहे, कारण तिने मंदीच्या काळातील दैन्य आणि त्या गाण्यांनी दिलेले आश्वासन यांतील दरी दाखविली. बाकी अनेक प्रयत्नांत काळा सूट आणि तंतुवाद्यांचा साज परत आला, पण मायक्रोफोनजवळ आवाज उघडा पाडण्याचे धैर्य क्वचितच आले.

भारतात हेच तंत्र याच काळात पोहोचले आणि त्याचे परिणामही समांतर झाले. ध्वनिक्षेपकाशिवाय रंगलेल्या मराठी संगीत नाटकाच्या पल्लेदार गायकीनंतर, १९३० च्या दशकात गोविंद नारायण जोशी आणि पुढे गजानन वाटवे यांनी रूढ केलेले भावगीत हे मायक्रोफोन आणि तबकडी यांच्या आश्रयानेच वाढले. न्यू थिएटर्सच्या बोलपटांतील कुंदनलाल सैगल आणि १९५० च्या ‘आरजू’पासून हिंदी चित्रपटांत स्थिरावलेला तलत महमूद यांच्या आवाजातील जवळीक त्याच यंत्राने शक्य केली, तलतच्या स्वरातील नैसर्गिक कंप ध्वनिमुद्रणात दोष न ठरता ओळख ठरला. प्रत्यक्ष दुवा मात्र गोमंतकीय वादकांचा आहे. मुंबईच्या हॉटेलांत अमेरिकी नृत्यसंगीत वाजविणारे चिक चॉकलेट यांच्यासारखे वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले, सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांचा हात होता, आणि सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या संयोजकांनी पाश्चात्त्य स्वरमेळ हिंदी गाण्यात मुरविला. गोव्यातील आणि मुंबईतील कॅथलिक घरांत पुढे जिम रीव्ह्ज या नॅशव्हिलच्या गायकाला जे प्रेम मिळाले, तेही १९५७ पासून त्याने पट्टी उतरवून मायक्रोफोनला ओठ लावून गायला सुरुवात केल्यानंतरचे आहे.

हा इतिहास कानांनी पडताळू इच्छिणाऱ्या वाचकाने ऑस्टिनचे १९२७ चे, क्रॉस्बीचे १९३१ चे, बोलीचे १९३४ चे आणि सिनात्राचे १९५५ चे एकेक गाणे, नंतर भरलेल्या वाद्यांशिवायच्या मूळ मोनो ध्वनिमुद्रणात, याच क्रमाने ऐकावे, आणि प्रत्येक वेळी गायक श्वास कोठे घेतो तेवढ्याकडे लक्ष द्यावे.